चौदा ते चौदा

१

बळवंत इंगळे खांबावरून खाली पडला नाही. कमरेचा पट्टा खांबाला आवळलेला होता, त्यामुळे तो वरच राहिला. नवरात्रातला दुसरा दिवस, महिन्याची चौदा तारीख. शहराच्या मुरार भागात एका शाळेमागे माणसं मान वर करून उभी होती, आणि कोणाला पुढे व्हायचं धाडस होत नव्हतं. वीज पुन्हा बंद झाली आहे की नाही, हे सांगणारं तिथे कोणीच नव्हतं.

कुमुदिनी बाकरे पोहोचल्या तेव्हा त्याला नुकतंच खाली उतरवलं होतं. त्या सरकारच्या उपविद्युत निरीक्षक. विजेने माणूस मेला की कसा मेला आणि कोणाच्या चुकीने, हे शोधायचं त्यांचं काम. या नोकरीत त्यांचे केस पिकले होते. बहुतेक मरणांमागे एखादी सडलेली तार किंवा एखादा आळशी माणूस असतो, असा त्यांचा अनुभव होता.

त्यांनी बळवंतचे हात पाहिले. उजव्या हातात रबरी मोजा होता, डावा मोजा खिशात होता. तार बांधताना मोजा काढावाच लागतो. म्हणजे तार मेलेली आहे, तिच्यात वीज नाही, याची त्याला पक्की खात्री होती.

"अर्थिंगची साखळी कुठे आहे?" त्यांनी विचारलं. काम करताना तार जमिनीशी जोडून ठेवायची ती साखळी. ती लावलेली असती तर वीज सोडताच सबस्टेशनमध्ये ब्रेकर उडाला असता, माणूस वाचला असता.

"साखळ्या लश्करच्या स्टोअरात जमा झाल्या, मॅडम," खाली उभा असलेला एक लाइनमन म्हणाला. "शहरातले मुरार आणि लश्कर, विजेचे दोन्ही डिव्हिजन एक झाले ना. वापस आल्याच नाहीत."

ठाण्याचे निरीक्षक सूर्याजी महाडिक बाजूला उभे होते. त्यांनी कुमुदिनीबाईंना भिंतीकडे नेलं.

"साखळी-बिखळी राहू द्या, मॅडम. हा अपघात नाही. वीज सोडली दौलतसिंह जाधवने. तो याचा सख्खा साडू आहे, आणि दोघांत चार वर्षं बोलणं नाही. याच्या साक्षीमुळे त्याचं प्रमोशन गेलं होतं."

"त्याचं काय म्हणणं आहे?"

"म्हणणं काय असणार? तारेवर चढायचं परमिट स्क्रीनवर नव्हतं म्हणतो. आणि याचे जेई, इंजिनियर साहेब, शपथेवर सांगतात की परमिट होतं." महाडिकांनी टोपी सारखी केली. "होतं, तर मग पुसलं कोणी?"

२

मुरारचं सबस्टेशन म्हणजे एक लांबट खोली, बाहेर गुरगुरणारे ट्रान्सफॉर्मर, आत ब्रेकरच्या कपाटांची रांग आणि कोपऱ्यात नवा संगणक. प्रत्येक कपाटाच्या मुठीला एक रिकामा हूक होता.

"इथे लाल पाट्या टांगायचो आम्ही," दौलतसिंह म्हणाला. "माणूस तारेवर आहे, मूठ फिरवू नका. रविवारी दोन्ही डिव्हिजन एक झाले आणि पाट्या काढून घेतल्या. आता स्क्रीन बघायचा. लाल असला तर माणूस वर आहे. हिरवा असला तर कोणी नाही."

धिप्पाड माणूस, पण खुर्चीत असा बसला होता की जणू कोणीतरी त्याला तिथे ठेवून गेलं होतं. दाराशी हवालदार उभा होता.

"सकाळी काय झालं, क्रमाने सांगा."

"आठला आलो. रात्रपाळीचा माणूस लश्करकडून बदलून आलेला, निघायच्या घाईत. नव्या नियमाने चार्ज देताना बोलायचं काम नाही, स्क्रीन हाच चार्ज. बघितलं तर शाळेकडचा फीडर, म्हणजे तिकडची लाइन, बंद, आणि स्क्रीन हिरवा. मला वाटलं रात्री आपोआप ट्रिप झाला असेल. लोकांचे फोन सुरू झाले, नवरात्र आहे, पाणी चढत नाही, लाइट कधी येणार. मी दोनदा स्क्रीन बघितला. हिरवाच होता."

"जेईंना फोन केलात?"

"केला. तीनदा. उचलला नाही."

"बळवंतला?"

दौलतसिंहने मान खाली घातली.

"त्याचा नंबर मी काढून टाकला होता," तो म्हणाला. "चार वर्षं झाली. तो त्या भागात काम करतो हे मला माहीत होतं. कोणाकडूनही नंबर घेऊन विचारता आलं असतं. मनात आलंही होतं. मग म्हटलं, स्क्रीन आहे ना. त्याला कशाला फोन करू?"

"तुमच्या पासवर्डने परमिट पुसता येतं का?"

"मला नाही माहीत, मॅडम. आणि आता त्याने काय फरक पडतो?" तो उठून उभा राहिला. हवालदार सावध झाला. "ही मूठ ह्या हाताने फिरवली. शामला माझ्याकडे बघत नाही. तिच्या बहिणीचा नवरा होता तो. तुम्ही लिहून घ्या. मीच मारला."

३

जेई म्हणजे कनिष्ठ अभियंता, लक्ष्मीकांत सप्रे. नोकरीला लागून जेमतेम दोन वर्षं झालेली. दुसऱ्या दिवशी त्याने कुमुदिनीबाईंना नई सडकवरच्या चहाच्या दुकानात बोलावलं. ऑफिसात लोक आपल्याकडे विचित्र नजरेने बघतात, असं त्याला वाटत होतं.

"मी परमिट टाकलं होतं, मॅडम. कसम से. दसऱ्याआधी शाळेकडची लाइन ठीक करायची होती, तर मी महिन्याच्या सुरुवातीलाच मुरारच्या जुन्या सिस्टीममध्ये टाकून दिलं. एक दिन का काम था. तेव्हा अजून मर्जर झालं नव्हतं."

"आणि त्या दिवशी?"

"सकाळी रात्रपाळीवाल्याला फोन केला, फीडर बंद कर म्हणून. त्याने केला. मग बळवंतकाकांना सांगितलं, चढा. मग माझी मीटिंग सुरू झाली, फोन सायलेंटवर होता." त्याने चहाचा ग्लास उचलला आणि तसाच ठेवला. "दौलतजींचे तीन मिस्ड कॉल होते. बाद में देखा."

"परमिट नव्या स्क्रीनवर आलंय की नाही, हे बघितलंत?"

"बघायला पाहिजे होतं. पण आम्हाला सांगितलं होतं की जुना सगळा डेटा आपोआप येईल. बाकीचे आले होते, मॅडम! बारादरी चौकातलं, तारांना लागणारी झाडं तोडायचं तीन दिवसांचं परमिट माझंच आहे, तेही मी जुन्या सिस्टीममध्येच टाकलं होतं. आजपासून सुरू झालं, सकाळी बघितलं, लाल दिसतंय. मग हेच एक कसं गायब झालं? कोणीतरी डिलीट केलं, हाच मतलब ना?"

"जुनी सिस्टीम कुठे आहे?"

"बंद. मशीन सोमवारीच पुसून भंगारात दिली. जागा खाली करायची होती."

कुमुदिनीबाई रस्त्याकडे बघत राहिल्या. एक परमिट आलं, एक आलं नाही. दोन्ही एकाच माणसाने, एकाच यंत्रात टाकलेली. दोन्ही एकाच रात्री नव्या यंत्रात गेलेली. महाडिक म्हणतील, हाच पुरावा. कोणीतरी त्यातलं एक निवडून उचललं आणि ते नेमकं साडूचं निघालं.

की सप्रे खोटं बोलत होता? परमिट टाकायला विसरला, आणि आता मेलेल्या माणसाच्या आड लपतोय?

"तुम्ही जर विसरला असाल," त्या सावकाश म्हणाल्या, "तर आत्ता सांगा. दौलतसिंहवर खुनाचं कलम लागतंय."

पोराचे डोळे भरले. "मी विसरलो नाही. पण मॅडम, आता मला स्वतःलाच डाउट येतोय."

४

शुक्रवारी त्या बळवंतच्या घरी गेल्या. थाटीपूरच्या वस्तीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या. बळवंतची बायको वनमाला भिंतीला टेकून बसली होती. मुलगी आत बारावीचं पुस्तक उघडून बसली होती, पान उलटल्याचा आवाज मात्र येत नव्हता.

"ताई, ऑफिसातून माणूस आला होता," वनमाला म्हणाली. "म्हणाला, बळवंत बिनपरवाना चढला होता, तसंच स्क्रीनवर दिसतंय. हे असं म्हणणारे कोण? एकवीस वर्षं चढले ते. माझ्या भावाच्या लग्नात मांडवाचा बल्ब बदलायलासुद्धा आधी मेन स्विच काढायचे."

"दौलतसिंहशी वैर कशावरून झालं?"

"दौलत ड्यूटीवर झोपला होता. चौकशीत ह्यांना विचारलं, ह्यांनी खरं ते सांगितलं. शामला माझ्याकडे येऊन रडली, म्हणाली, जीजाजींनी एक दिवस खोटं बोलायला काय हरकत होती? मी म्हटलं, ते खोटं बोलणाऱ्यातले नाहीत. तेव्हापासून दिवाळीलासुद्धा येणं-जाणं नाही." तिने पदराने तोंड पुसलं. "आता कळलं ना, का मारलं ते?"

"त्यानेच जाणूनबुजून मारलं, असं वाटतं तुम्हाला?"

"माझ्याजवळ दुसरं काय आहे वाटायला?"

कुमुदिनीबाई जिना उतरल्या. खाली गल्लीच्या तोंडाशी एक बाई हातात डबा घेऊन उभी होती. चेहरा वनमालाचाच, थोडा तरुण. ती शामला, हे न सांगता कळलं.

"तिने डबा परत पाठवला," शामला म्हणाली. "काल पण पाठवला. मॅडम, ह्यांनी मुद्दाम केलं का? मला सांगा. दोन रात्री ते छताकडे बघत पडून होते, मी विचारलं तर म्हणाले, असेल. असेल म्हणजे काय?"

त्याच संध्याकाळी महाडिकांनी दौलतसिंहला अटक केली.

५

नवी संगणक-व्यवस्था बसवणारी कंपनी सिटी सेंटरमध्ये होती, आणि काम ज्याने केलं तो मधुसूदन केळकर नावाचा तिशीतला माणूस होता. शनिवारी सकाळी ऑफिसात तो एकटाच होता. त्याने आधी चौदा तारखेचं पान उघडलं. शाळेचा फीडर हिरवा.

"कोणी काही पुसलेलं नाही," तो म्हणाला. "पुसलं तर त्याची वेगळी नोंद राहते. तशी एकही नाही. मतलब, परमिट टाकलंच नव्हतं."

"तुम्ही तारखेने शोधताय," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "नावाने शोधा. बळवंत इंगळे."

त्याने शोधलं. एक ओळ आली. शाळेचा फीडर, बळवंतचं नाव, सप्रेचं नाव. सगळं जागच्या जागी. फक्त 'कधीपासून कधीपर्यंत' या रकान्यात तारखा नव्हत्या. तिथे एकच शब्द होता: रिकामा.

मधुसूदन पुढे वाकला.

म्हणजे सप्रे खोटं बोलत नव्हता. दौलतसिंहने काही पुसलं नव्हतं. परमिट होतं. गेले तीन दिवस ते इथेच होतं, फक्त ते कुठल्याच दिवसाचं नव्हतं.

"रिकामा म्हणजे तारीख टाकायची राहिली?"

"नाही, नाही. तारीख नसती तर यंत्राने कायमचं परमिट समजलं असतं, दोन्ही बाजूंनी उघडं. रिकामा वेगळा. तारखा दिल्या होत्या, पण त्यांच्या मध्ये एकही दिवस बसत नाही. असं झालं की यंत्र मूळ तारखा ठेवतच नाही. ह्या कुठल्या होत्या ते आता कोणीच सांगू शकणार नाही."

"सुरुवात आणि शेवट दिला, आणि मध्ये एकही दिवस नाही? हे कसं होईल?"

"उलट्या दिल्या, आधी शेवट आणि मग सुरुवात, तर यंत्र घेणारच नाही, तिथेच अडवेल. रिकामा म्हणजे..." तो अडखळला.

कुमुदिनीबाईंना सप्रेचं वाक्य आठवत होतं. एक दिन का काम था. एका दिवसाच्या कामाला सप्रे काय टाकणार? पासून, चौदा. पर्यंत, चौदा.

"मधुसूदन, तुमचं यंत्र 'पर्यंत'चा शेवटचा दिवस धरतं की सोडतं?"

मधुसूदनने कीबोर्डवरचे हात काढले.

"सोडतं," तो म्हणाला. "तोच डिफॉल्ट आहे. म्हणजे तुम्ही काही सांगितलं नाही तर यंत्र जे गृहीत धरतं ते. आणि तो चांगला नियम आहे, मॅडम! लश्करमध्ये परमिट तासांवर देतात. एक टोळी आठ ते दोन, दुसरी दोन ते आठ. दोनचा ठोका दोघांचाही धरला तर गोंधळ होतो, कोणाचाच नाही धरला तर फट राहते. म्हणून सुरुवात धरायची, शेवट सोडायचा. सगळं बरोबर जुळतं."

"आणि मुरारमध्ये परमिट दिवसांवर देत. नवमीपर्यंत उपास म्हटलं की नवमीलाही उपास असतो, तसं. चौदा ते चौदा म्हणजे चौदाचा अख्खा दिवस."

"आमच्या यंत्रात चौदा ते चौदा म्हणजे..." मधुसूदनने वाक्य पुरं केलं नाही. तो भराभर टाइप करू लागला. मुरारहून आलेली एकेक ओळ पडद्यावर सरकू लागली. जुन्या वर्षांची, वेगवेगळ्या लाइनमनांची, वेगवेगळ्या जेईंची. एका दिवसाचं जेवढं काम होतं, तेवढं सगळं रिकामं. दौलतसिंहने आयुष्यात नाव न ऐकलेल्या माणसांचीही परमिटं रिकामी.

"जुनी कामं होऊन गेली होती, म्हणून कोणाला कळलं नाही," तो पुटपुटला. "नव्या फॉर्ममध्ये वेळ टाकावीच लागते, तिथे हे होत नाही. रविवारनंतरचं, एका दिवसाचं, जुन्या यंत्रातून आलेलं, असं हे एकच होतं."

एक परमिट आलं, एक आलं नाही, ते का, हे कुमुदिनीबाईंना आता कळलं होतं. पण आलेलं तरी पुरं कुठे आलं होतं? एका दिवसाचं काम अख्खं नाहीसं झालं. मग दोन दिवसांच्या कामाचा एक दिवस जाणार, आणि तीन दिवसांच्या कामाचा...

"बारादरी चौक," त्या एकदम म्हणाल्या. "सप्रेचं झाडांचं काम. पंधरा ते सतरा."

मधुसूदनने पान उघडलं. पंधराला लाल, सोळाला लाल. आज सतरा होती. आज हिरवा.

६

सप्रेचा फोन एका घंटीत लागला.

"तुमची माणसं कुठे आहेत?"

"बारादरीवर, मॅडम. वर आहेत. आज शेवटचा दिवस ना, शामपर्यंत आटपेल."

"खाली उतरवा. आत्ता. फोन चालू ठेवा आणि ओरडा."

दुसऱ्या फोनवरून मधुसूदन सबस्टेशन लावत होता. एंगेज. पुन्हा एंगेज. शनिवार, नवरात्र, बाजारात वीज नाही. अख्खं मुरार त्या एका नंबरवर फोन करत असणार. कुमुदिनीबाईंनी ऑपरेटरचा मोबाइल नंबर मागितला. नव्या यादीत तो नव्हता; दौलतसिंहच्या जागी कालच दुसरा माणूस आला होता. शेवटी त्यांनी महाडिकांना फोन केला. ठाणं सबस्टेशनच्या समोरच होतं.

"हवालदाराला पळत पाठवा. बारादरीची मूठ कोणी फिरवू नये. का ते मग सांगते."

मग थांबण्याशिवाय हातात काही नव्हतं. सप्रेच्या फोनमधून चौकातला आवाज येत होता. गाड्यांचे भोंगे, कुठल्याशा मांडवातली आरती आणि त्या सगळ्यावरून त्याचं फाटलेलं ओरडणं: "उतरो! सब उतरो! संभाजीराव, सोडा तो कोयता, उतरा!"

मधुसूदन दोन्ही हातांनी टेबल धरून उभा होता.

थोड्या वेळाने महाडिकांचा फोन आला. त्यांचा आवाज बदलला होता.

"मॅडम, हवालदार पोहोचला तेव्हा ऑपरेटरचा हात मुठीवर होता. म्हणतो, स्क्रीन हिरवा आहे, मला वरून सांगितलंय, लाइन चार्ज करा, वीज सोडा." मग म्हणाले, "नवा माणूस आहे. बारादरीवर कोण चढलंय, त्याला नावही माहीत नाही. ह्याच्यावर कुठलं वैर लावू मी?"

७

"तुझं सगळं बरोबर आहे, कुमुद," दिनकरराव मोघे म्हणाले.

ते शहर मंडळाचे अधीक्षण अभियंता. दोन्ही डिव्हिजन एक करायचं काम त्यांच्याकडे होतं. कुमुदिनीबाई शिकाऊ होत्या तेव्हा दिनकररावांनीच त्यांना पहिल्यांदा सबस्टेशन दाखवलं होतं. ब्रेकरला पाठ करून कधी उभं राहू नये, हेही त्यांनीच शिकवलं होतं.

"मधुसूदन म्हणतो, त्याने तुम्हाला विचारलं होतं."

"विचारलं होतं. पर्यंतचा शेवट धरायचा की सोडायचा? मी म्हटलं, लश्करचं आहे तेच ठेव, जो डिफॉल्ट असेल तो. जेवायची सुट्टी झाली होती, आणि त्या सकाळी त्याने असे पन्नास प्रश्न विचारले होते." त्यांनी चष्मा काढला. "तो नियम वाईट होता का?"

"नाही, सर. नियम चांगला होता, त्यांच्या कामासाठी. पण मुरारवाले 'पर्यंत' कशाला म्हणतात, हे मुरारमध्ये कोणाला विचारलंत?"

"कोणाला विचारणार? मुरारचं ऑफिस गेल्या महिन्यातच मोडलं. त्यांचा साहेब भोपाळला गेला."

"बरं, हे राहू द्या. परमिट रिकामं झालं तेव्हा यंत्राने आरडाओरडा करायला हवा होता. ज्या परमिटात एकही दिवस नाही, असं परमिट कोण शहाणा माणूस देतो? यंत्राने ते मुकाट्याने घेतलं, आणि आपण त्याला मुकाट्याने घेऊ दिलं." त्यांचा आवाज चढला. "काही कळलं नाही तर माणूस वर आहे असं धरायचं, सर. हे तुम्ही मला शिकवलंत. ह्या यंत्राला आपण उलटं शिकवलं. काही कळलं नाही की हिरवा."

दिनकररावांनी चष्मा पुन्हा लावला.

"लिही," ते म्हणाले. "माझं नाव घाल. मी नाकारणार नाही. पण काय होईल ते आत्ताच सांगतो. मूळ तारखा यंत्रात नाहीत. जुनी मशीन भंगारात गेली. चौदा ते चौदा होतं, हा तुझा तर्क आहे. मला पटला, कोर्टाला कसा पटवशील? आणि डिफॉल्ट ठेव असं तोंडाने म्हणणं हा कुठल्या कलमाखाली गुन्हा आहे?"

त्यांनी सांगितलं तसंच झालं. कुमुदिनीबाईंचा अहवाल भोपाळला गेला. खुनाचं कलम निघालं, पण हलगर्जीपणाचं राहिलं. मूठ ज्याने फिरवली त्याचं नाव तर सर्वांनाच माहीत होतं. दौलतसिंह जामिनावर सुटला आणि निलंबित राहिला. सप्रेची बदली शिवपुरीला झाली. बळवंतच्या नावापुढचं 'बिनपरवाना' खोडलं गेलं आणि तिथे 'परवाना अनिश्चित' आलं. मधुसूदनने रिकामं परमिट आलं की घंटा वाजेल अशी दुरुस्ती दोन दिवसांत लिहून दिली. ती कराराबाहेरची म्हणून पुढच्या वर्षापर्यंत बाजूला ठेवली गेली. तोवर एक परिपत्रक निघालं: ऑपरेटरांनी अधिक दक्षता बाळगावी.

डिसेंबरअखेर दिनकरराव निवृत्त झाले. हार घालून घेताना ते रडले. लोकांना वाटलं, नोकरी सुटली म्हणून.

८

या सगळ्याआधी, अहवाल पाठवल्याच्या दुसऱ्याच दिवशी, कुमुदिनीबाई थाटीपूरला गेल्या. निदान एवढं तरी आपल्या हातून व्हावं, असं त्यांना वाटत होतं. दुपारची वेळ होती. वनमालासमोर बसून त्यांनी सगळं सांगितलं, जेवढं सोपं करता येईल तेवढं करून. लश्करचं पर्यंत, मुरारचं पर्यंत, यंत्राने शेवटचा दिवस सोडला तो, आणि बळवंतचा पहिला दिवस हाच शेवटचा होता ते.

वनमालाने मध्ये एकही प्रश्न विचारला नाही.

"म्हणजे दौलतने मुद्दाम मारलं नाही," ती शेवटी म्हणाली.

"नाही."

"जेई साहेबांनी पण नाही."

"नाही."

"तो संगणकवाला?"

"त्याने विचारलं होतं. त्याला उत्तर मिळालं, त्याने तसं केलं."

"आणि उत्तर देणारे साहेब?"

"त्यांनी फार विचार केला नाही."

वनमालाने समोरच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे बळवंतचा फोटो होता, आणि त्याला घातलेला हार सुकला होता.

"ताई, तुम्ही चांगल्यासाठी आलात, मला कळतंय. शामलाला घरात घे, असंच सांगायला आलात ना?" ती म्हणाली. "पण माझं ऐका. इतके दिवस मी दौलतला शिव्या देत होते. झोपेत पण देत होते. त्यात निदान एक माणूस होता. वाटायचं, दहा वर्षांनी, वीस वर्षांनी तो पाया पडायला येईल, आणि मी काय करायचं ते ठरवीन. माणूस असता तर कधीतरी माफ केलं असतं. आता कोणाला माफ करू?"

"शामलाचा काय दोष?"

"दोष नाही. तिच्या नवऱ्याने मूठ फिरवली, त्याचा दोष नाही. मग ती येईल, रडेल, मी म्हणेन, काही हरकत नाही. ताई, मला हरकत आहे. मी ते म्हणू शकत नाही." तिने हात जोडले. "तुम्ही या आता."

आतून मुलीने विचारलं, कोण आहे, आणि वनमाला म्हणाली, कोणी नाही.

शामला खाली जिन्याच्या तोंडाशीच थांबली होती. या वेळी हातात डबा नव्हता. कुमुदिनीबाईंचा चेहरा बघून तिला जे कळायचं ते कळलं. ती नवऱ्याबद्दल काही बोलली नाही, कोर्टाबद्दलही नाही.

"जेवते का ती?" तिने विचारलं.

कुमुदिनीबाईंनी वनमालाला इतकं सगळं समजावून सांगितलं होतं. हे विचारायचं मात्र त्यांना सुचलं नव्हतं.